अकरा वर्षांची लोरेटा

लोरेटाबाई रिकाम्या बाटल्या टाकायला कोपऱ्यावर जात, त्याही कडक इस्त्रीचा झगा घालून, वर ब्रोच लावून. जर्मनीत, लुडविग्सहाफेनमधल्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहत. अमेरिकी सैन्यातल्या नवऱ्याबरोबर तरुणपणी आल्या आणि तो वारल्यावरही इथेच राहिल्या. गेल्या हिवाळ्यात त्याही गेल्या. प्रयोगशाळेतून मी चुरगळलेल्या कपड्यांत परतले की म्हणत, "मुली, बाहेर पडताना नीट पडावं. लोक निमित्तच शोधत असतात."

मला तो त्यांचा नखरा वाटे. मग माझ्या तेरा वर्षांच्या ईशाला शाळेत अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीवर रेफराट, म्हणजे वर्गापुढे भाषण, द्यायचं ठरलं. लोरेटाबाई स्वतः कृष्णवर्णीय अमेरिकी, म्हणून मी तिला त्यांच्याकडे घेऊन गेले.

"पुस्तकात नेत्यांची नावं आहेतच," त्या म्हणाल्या. "मी अकरा वर्षांची होते. तेही लिहून घे."

त्यांच्या गावच्या वाचनालयात काळ्या माणसांना प्रवेश नव्हता. एका सकाळी आईने त्यांच्या झग्याला दोनदा इस्त्री केली आणि त्या आणखी सात मुलांबरोबर आत जाऊन टेबलाशी बसल्या. बोलायचं नाही, उठायचं नाही, एवढंच ठरलं होतं. पोलीस आले. मुलांना कोठडीत नेलं.

"भीती नाही वाटली, ओमा लोरेटा?" ईशाने जर्मनमधून विचारलं. ओमा म्हणजे आजी.

"वाटली तर! समोरच्या पुस्तकातली एक ओळ वाचली असेल तर शपथ. पण आपण होऊन उठले नाही."

पुढे ते वाचनालय सगळ्यांना खुलं झालं. हे सांगून त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुमच्याकडे? तुझ्या घरातलं कोण असं बसलं होतं?"

आम्ही दलित. माझे वडील, आबा, मराठवाड्यातल्या शाळेत वर्गाबाहेर ओट्यावर बसून शिकले. गुरुजी त्यांच्या पाटीला हात लावत नसत. एक दिवस आबा आत जाऊन पहिल्या रांगेत बसले, मार खाल्ला, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसले. जर्मनीतल्या बारा वर्षांत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मराठी मंडळींत घराण्याचा विषय निघाला की मी चहा आणायला उठायचे. ईशालाही "आबा गरिबीतून शिकले" एवढंच माहीत होतं.

त्या दिवशी मी सगळं सांगितलं. ईशाने वही पुढे ओढून तेही लिहून घेतलं.

लोरेटाबाई म्हणाल्या, "लाज त्या मास्तराची. तुझ्या वाट्याला अभिमान आलाय, तो का लपवतेस?"

भाषणाला पालकांनाही बोलावलं होतं. लोरेटाबाई पुढेच बसल्या. ईशा दोन मुलांबद्दल बोलली: एक वाचनालयात बसलेली, एक मराठवाड्यातल्या वर्गात. दुसऱ्याचं नाव सांगताना ती जर्मन वाक्यात मध्येच मराठीत म्हणाली, "माझे आबा." माझी मान आपोआप ताठ झाली.

बाहेर मेघनाताई भेटल्या. त्यांचा मुलगा ईशाच्याच वर्गात, मराठी मंडळातली आमची जुनी ओळख. त्यांनी हळूच विचारलं, "अहो, ते खरंच तुमचे वडील?"

"हो, माझे वडील," मी म्हणाले. आवाज मुद्दाम खाली आणला नाही. "थांबा, सगळं सांगते."

लोरेटाबाईंना मराठीतलं अक्षरही कळत नव्हतं. पण माझं सांगून होईपर्यंत त्या माझ्या शेजारून हलल्या नाहीत.