ओम्बिमाची पट्टी

कागेहा लग्न होऊन मारागोलीत, आमच्या टेकडीवर आली, तेव्हा सासरा तिला शेत दाखवायला घेऊन गेला होता आणि घरी परतेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं. खालच्या ओढ्यापासून वरच्या मोठ्या धोंड्यापर्यंत सगळं एकाच घरचं. मधे दाट झाडी, झाडीत माकडं, आणि संध्याकाळी पोरांना हाका मारून मारून बायकांचे घसे बसायचे. आता कागेहा चुलीपाशी शिंकली तर तिसऱ्या घरातून कादेन्यी विचारते, "सर्दी झाली का गं, ओम्बिमाची आई?" झाडी गेली, माकडं गेली. धोंडासुद्धा फोडून खडी करून विकला लोकांनी, आणि तो होता तिथं आज कुणाचा तरी मका उभा आहे.

दवाखान्यातली नर्स म्हणते, तुम्ही लोकांनी पोरं फार केलीत. म्हणायला तिचं काय जातंय! कागेहाच्या सासूला अकरा झाली आणि जगली चार. धोंड्यापासून ओढ्यापर्यंत मोकळं रान होतं ते त्या गेलेल्या पोरांमुळे, हे नर्सबाईला कुणी सांगावं? पुढं सुया आल्या, गोळ्या आल्या, पोरं जगायला लागली. जगली, मोठी झाली, आणि प्रत्येकाला स्वतःचं अंगण हवं झालं. आता यात कुणाच्या नावानं बोटं मोडायची? कागेहाला ते मोकळं रान फार आठवतं, रोज आठवतं, पण त्या रानासाठी एकही पोर परत द्यायची तिची तयारी नाही.

नवरा गेल्यावर उरलेल्या तुकड्याच्या दोन पट्ट्या झाल्या. एक थोरल्या ओम्बिमाची, एक धाकट्या किसियाची. ओम्बिमानं आपली पट्टी पाहिली, तीत आडवा झाला आणि म्हणाला, "आई, पाय पसरले की शेजाऱ्याच्या मक्यात जातात." सगळे हसले. पण महिन्याभरातच तो बायकोला, मिडेवाला, घेऊन सीमेपलीकडे युगांडात, किगुम्बाला निघाला. आमच्याकडची कितीतरी घरं आधीपासून तिकडे जाऊन राहिली आहेत. तिकडे जमीन कसायला मिळते म्हणत. जाताना त्यानं एवढंच सांगितलं, "माझी पट्टी राहू दे. मी येणार आहे."

कागेहानं पट्टी राखली. तिथं ती फक्त घेवडा लावायची. केळ कधी लावली नाही, कुणाला लावू दिली नाही, कारण आमच्याकडे केळ लावली की लावणाऱ्याचा हक्क लागला. सकाळी दार उघडलं की आधी त्या पट्टीकडे बघायची. इथं त्याचं दार येईल, इथं मिडेवाची चूल, इथं पोरं लोळतील. डोळ्यांसमोर घर बांधायची आणि मग चहा ठेवायची. नाताळात त्याचा फोन यायचा. "बरं आहे सगळं, आई." हिचंही तेच, "बरं आहे, बाबा." कधी येतोस हे विचारायला जीभ वळवळायची, पण ती विचारायची नाही.

इकडे किसियाचा संसार वाढत गेला. मुलं स्वयंपाकाच्या खोपट्यात शेळीबरोबर झोपायची, मोठ्या दोघी रात्री कादेन्यीकडे. त्याची बायको, मिनायो, पुन्हा पोटुशी राहिली. एक दिवस पावसात खोपट्याचं छप्पर बसलं आणि त्याच्या लहान पोराच्या डोक्याला खोक पडली. त्या संध्याकाळी किसिया त्या पोराला घेऊन आईसमोर येऊन बसला.

"आई, घेवड्याला जागा आहे, माझ्या पोरांना नाही."

"ती थोरल्याची आहे."

"थोरला कुठाय? तो तिकडे एकरांनी शेती करतोय. तो येणार आहे होय या चिंधीसाठी?"

पोराच्या डोक्यावरची पट्टी रक्तानं भिजलेली होती. कागेहानं होकाराची मान हलवली आणि आत जाऊन तोंडात अंगावरच्या कापडाचं टोक कोंबून रडली. ओम्बिमाला फोन करून सांगावं असं तिला दहादा वाटलं. पण कोणत्या तोंडानं सांगणार? नाताळात सांगू म्हणाली.

घेवड्याच्या जागी किसियाच्या नव्या घराच्या मेढी उभ्या राहिल्या, वर पत्रे चढले. मग लिंपण्याचा दिवस ठरला. लिंपणं आमच्याकडे एका दिवसात आटोपतात. सगळी आळी येते. बायका ओढ्यावरून पाणी आणतात, पुरुष खड्ड्यात चिखल तुडवतात, मग सगळ्यांचे हात कुडाला. थट्टेला तर ऊत आलेला असतो.

"किसिया, भिंत लांब का नाही घेतलीस रे? पुढच्या वर्षीचं बाळ कुठं ठेवशील?" कादेन्यी म्हणाली.

"तुझ्या मांडीवर, काकू. तिथंच काय ती मोकळी जमीन उरलीय."

हशा चाललेला असतानाच ओम्बिमा फाटकात उभा होता. एकटा, हातात काही नाही. केस कानांपाशी पांढरे झालेले. कागेहानं त्याला सगळ्यांत आधी पाहिलं आणि तिच्या हातातला चिखलाचा गोळा पायावर पडला.

त्यानं घराकडे पाहिलं. मेढी पाहिल्या, पत्रे पाहिले, दार कुठं येतंय ते पाहिलं. कुडावरचे हात थांबले. किसियाचं तोंड उतरलं. "दादा, मी तुला कळवणार होतो," तो म्हणाला.

"वेळेवर आलो की नाही?" ओम्बिमा म्हणाला. त्यानं विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, खड्ड्यात उतरला आणि चिखल तुडवायला लागला. दिवसभर त्यानं भिंती लिंपल्या. कोपरे तर त्याच्याइतके नीट कुणीच घेतले नाहीत. कागेहा त्याच्या शेजारी उभी राहून लिंपत होती. किती वर्षांनी त्याचा घामाचा वास येत होता! ती मुद्दाम त्याच्या हाताला हात लागेल असं लिंपत होती. सुखानं तिला धड श्वास घेता येत नव्हता आणि लाजेनं मान वर करता येत नव्हती.

मक्याच्या पिठाची उगाली आणि पालेभाजी खाऊन झाल्यावर तो उठला. "निघतो."

"आजच?" किसिया म्हणाला. "राहा की." पण कुठं राहा, हे त्यालाही सांगता येईना. त्याच्या जुन्या घरात मुंगीला वाट नव्हती आणि नवीन भिंती ओल्या होत्या.

कागेहा त्याला सोडायला तिठ्यापर्यंत गेली. तिथं चहाच्या टपरीशेजारी मिडेवा बसली होती, दोन पोरं तिला टेकून पेंगत होती. भोवती गुंडाळलेली गादी, भांड्यांचं पोतं, एका दोरीत ओवलेली कुदळींची पाती, आणि पाय बांधलेली कोंबडी. भेटायला येणारं माणूस कुदळी घेऊन येत नाही. कागेहा रस्त्यातच खाली बसली.

"मला फोन का नाही केलास, पोरा?"

"कोणत्या तोंडानं करणार होतो? तिथंही माणसं वाढली, आई. मालकाचे मुलगे मोठे झाले, त्यांना त्यांची जमीन हवी. म्हटलं, आपली पट्टी तर आहे."

"चल परत. भिंती ओल्या आहेत तोवर मी किसियाला सांगते."

"नको. मिनायोचे दिवस भरत आलेत. आणि त्या भिंती मीच लिंपल्यात."

"मग माझ्या घरात राहा. सगळे."

"बायकोपोरांचा माणूस आईच्या छपराखाली झोपतो का? आळी काय म्हणेल, आणि मलाच झोप येईल का?" तो तिच्याजवळ बसला. "मिडेवाचा भाऊ किटाले गावी असतो. तिथं बघतो."

बायकोच्या भावाच्या दारात जाऊन पडायचं. आमच्याकडे पुरुषाला याहून खाली जायला जागा नाही, हे दोघांनाही माहीत होतं. गाडी आली. क्लीनरनं गादी टपावर टाकली. कागेहानं पोरांचे मुके घेतले आणि ओम्बिमाची बाही धरली ती सोडेना.

"ऐक. माझ्या नावाची अजून एक जागा आहे. तुझ्या बापाच्या कबरीशेजारची. तेवढीच कुणी मोजली नाही, कुणी मागितली नाही."

"काय बोलतेस, आई."

"बोलू दे. मी मेले की मला इथं पुरायचं नाही, असं मी किसियाला आज सांगणार. तू जिथं असशील तिथं मला घेऊन जायचं. बापाशेजारी जागा तुझी. आपल्या माणसाला शेवटी घरी येता आलं पाहिजे."

"आणि तू परक्या मातीत?"

"परकी कशी? तू असशील ना तिथं. इतकी वर्षं तुझ्याकडे यावं म्हणत होते, कुणी नेलंच नाही."

ड्रायव्हर ओरडला. मिडेवानं आतून हाक मारली. ओम्बिमा आईचा हात आपल्या बाहीवरून सोडवू लागला, आणि त्याच्या नखांतला चिखल तिच्या बोटांना लागला.