दोन वर्षं उघडू नये

आमच्या ताईच्या नवऱ्याने आयुष्यात एकही गोष्ट पारखल्याशिवाय घरात आणली नाही. अपवाद फक्त ताईचा. तिला म्हणे त्यांनी बसथांब्यावर पाहिलं आणि महिन्याभरात लग्न उरकलं. त्या घाईची भरपाई म्हणून की काय, पुढची अडतीस वर्षं हा माणूस दात घासायचा ब्रशसुद्धा तीन दुकानं हिंडून घेत आला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. भावोजींचं तोंड कधीच पोळलं नव्हतं, तरी ते साधं पाणी फुंकून पीत.

ते रंगाच्या कारखान्यात होते. रंग बनवायला नव्हे, तपासायला. भिंतीच्या रंगाची एक बॅच तयार झाली की पिंपातून तीन डब्या भरून घ्यायच्या, एक वरची, एक मधली, एक तळची. झाकणावरून कागदी पट्टी चिकटवून सील करायचं, चिठ्ठीवर नोंद लिहायची आणि डबी फळीवर ठेवून द्यायची. प्रत्येक चिठ्ठीच्या तळाशी एकच ओळ असे, ‘दोन वर्षं उघडू नये’. मध्येच कुणी भिंतीचा रंग उडाला म्हणून तक्रार केलीच, तर आधी ती तक्रार रीतसर लिहून घ्यायची, मग डबी उघडायची आणि आपला रंग उत्तम होता हे दाखवून द्यायचं. एकतीस वर्षांत एकही तक्रार खरी ठरली नाही, दोष नेहमी भिंतीचाच निघाला. हे ते आम्हाला दर जेवणाला सांगत आणि आम्ही मान डोलवत असू. कारखान्यात त्यांना ‘सीलबंद’ म्हणायचे. त्यांना तो सन्मान वाटे.

निवृत्त झाल्यावर सील करायला काही उरलं नाही. मग त्यांनी जॅमच्या बाटल्यांवर तारखा घालायला घेतल्या, खोकल्याच्या औषधावर घातल्या, काडेपेटीवरसुद्धा घातली. ताई हसून सोडून द्यायची. मी सोडून देत नसे, पण माझं ऐकतो कोण.

मग ताईला ताप आला. साधासुधा नाही, तीन आठवडे उतरला नाही. उतरला तेव्हा जाताना तिच्या जिभेची चवच घेऊन गेला. समोर काहीही ठेवा, दोन घास खाऊन ताट सरकवायची. तिच्या बांगड्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत जाऊ लागल्या. मला तेव्हा फार भीती वाटली होती, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी या माणसाला जे काही बोललेय ते त्या भीतीपोटी बोललेय असं समजा. थोडं सवयीपोटीही आहे.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, रक्त ठीक आहे, छाती ठीक आहे, आता फक्त अन्न जायला हवं. जे मागेल ते द्या. आणि भावोजींकडे वळून म्हणाल्या, “ज्या दिवशी या स्वतःहून दुसऱ्यांदा वाढून मागतील ना, त्या दिवशी बऱ्या झाल्या असं समजा.” भावोजींनी खिशातून डायरी काढून ते वाक्य लिहून घेतलं. डॉक्टरीणबाईंना वाटलं, किती काळजी करतात.

ताईला काय हवं विचारलं तर म्हणाली, आईसक्रीम. दुकानातलं आणलं. तिने चमचाभर तोंडात घेतलं आणि म्हणाली, हे नुसतं थंड आहे, बाकी काही नाही. तेव्हा घरीच करायचं ठरलं. कुणा दुसऱ्याच्या नवऱ्याने संध्याकाळपर्यंत यंत्र आणलं असतं.

भावोजींनी तक्ता आखला. आईसक्रीमची घरगुती यंत्रं तीन जातींची असतात हे मला त्यानंतर कधीच विसरता आलं नाही. पहिलं जुनं, लाकडी बादलीचं. भोवती बर्फ आणि मीठ भरायचं आणि हाताने दांडा फिरवत बसायचं. ते त्यांनी पाच मिनिटांत नापास केलं, कारण प्रत्येकाचा हात वेगळा म्हणजे प्रत्येक बॅच वेगळी. दुसरं स्वतःच गार करणारं, पोटात फ्रीजसारखी मशीन असलेलं. घरी आणल्यावर ते दिवसभर उभं, न हलवता ठेवायचं आणि मगच सुरू करायचं, असं दुकानातल्या मुलीने सांगितलं. ही शिस्त भावोजींना मनापासून आवडली. पण ते प्रवासाच्या बॅगेएवढं होतं आणि ओट्यावर ठेवलं तर भाजी कुठे चिरायची हा प्रश्न होता. तिसऱ्यात एक जाड भांडं असतं. त्याच्या दुहेरी भिंतीत पाण्यासारखं काहीतरी भरलेलं. ते भांडं दिवसभर फ्रीजरमध्ये गोठवायचं, मग यंत्रात बसवून त्यात गार दूध-साखर-साय ओतायची आणि आतलं वल्हं ते घुसळत राहतं. हे ठरलं. ठरायला एकोणीस दिवस लागले. दुकानातली मुलगी शेवटी शेवटी त्यांना येताना पाहून आत जाऊन बसायची.

या एकोणीस दिवसांत ताई आणखी दोन किलोने उतरली. मी भावोजींना सरळ म्हटलं की तुमचं यंत्र येईपर्यंत खाणारी उरली तर बरं. ते गंभीरपणे म्हणाले, तुझं बरोबर आहे. आणि चौथ्या दुकानात गेले.

यंत्र आलं. भांडं घड्याळ लावून चोवीस तास गोठवण्यात आलं. मध्ये दर तासाला ते बाहेर काढून कानाशी हलवून पाहायचं. आत खळखळलं तर गोठलेलं नाही, आवाज आला नाही तर गोठलं. तासातासाला फ्रीजर उघडल्यामुळे ते गोठायला आणखी अर्धा दिवस लागला, पण ते कोण सांगणार. पहिल्या बॅचला त्यांनी आधी मिश्रण ओतलं, मग चष्मा पुसून वेळ लिहिली आणि मग यंत्र सुरू केलं. तोवर दूध भांड्याच्या भिंतीला घट्ट धरून बसलं होतं. वल्हं अडकलं आणि यंत्र कण्हायला लागलं. आधी यंत्र सुरू करायचं आणि मग ओतायचं, हे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. भावोजींनी पुस्तिका तीनदा वाचली होती, पण तपासणाऱ्याच्या नजरेने. छपाईच्या दोन चुका मात्र त्यांनी शोधल्या होत्या.

दुसऱ्या बॅचपासून हात बसला. मी मनात आणलं असतं तर नावं ठेवली असती, पण खोटं कशाला बोलू, आईसक्रीम चांगलं होत होतं. चौथी बॅच कॉफीची होती. तिच्यात खोट काढायचा मी प्रामाणिक प्रयत्न केला आणि हात टेकले.

वाढण्याची पद्धत मात्र कारखान्याची होती. यंत्र थांबलं की भावोजी आधी तीन डब्या भरत. वरची, मधली, तळची. कागदी पट्टी, चिठ्ठी, आणि डब्या रवाना फ्रीजरमध्ये. मग वल्ह्याला आणि भांड्याला जे लागून राहिलेलं असे ते खरवडून एका वाटीत ताईला मिळे. ती खायला लागली की भावोजी समोर खुर्ची ओढून बसत, पेन्सिल हातात, चष्मा नाकावर, नजर तिच्या चमच्यावर. ताई वाटी संपवायची आणि उठून धुवून ठेवायची. भावोजींचा चेहरा पडायचा. काहीतरी खरडायचे आणि म्हणायचे, पुन्हा बदलायला हवं. मग साखर कमी, साय जास्त, कॉफीच्या जागी केळं, केळ्याच्या जागी लिंबू. दर तिसऱ्या दिवशी एक बॅच.

गंमत अशी की ताई सुधारत होती. तोंडावर तकाकी आली होती. सकाळी दोन अंडी खायला लागली होती, बांगड्या पुन्हा मनगटावर थांबल्या होत्या. सुधारत नव्हते ते भावोजी. त्यांची स्वतःचीच भूक कमी झाली. मी त्यांना सांगितलं की काल ताईने अर्धा पाव संपवला, मी डोळ्यांनी पाहिलंय. तर म्हणाले, तो निकष नाही. आता निकष म्हणे. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून मी नाद सोडला.

फसलेली पहिली धरून नऊ बॅचना सत्तावीस डब्या होतात. हा हिशेब फ्रीजरला आधी कळला. मटार बाहेर पडले, बर्फाचे साचे बाहेर पडले, भावोजींच्या स्वतःच्या गुडघ्यावर ठेवायची बर्फाची पिशवी बाहेर पडली. सगळे निर्वासित खालच्या मजल्यावर माझ्या फ्रीजरमध्ये येऊन राहिले. मला कुणी विचारलं नाही. दहाव्या बॅचच्या वेळी यंत्राचं भांडं शिरायलाच तयार नव्हतं. भावोजींनी ते तिरकं करून कोंबलं. दार नीट लागेना म्हणून फ्रीजरला दोरी बांधली. डब्या हलवल्याशिवाय भांडं बाहेर निघत नव्हतं आणि डब्या पुन्हा पुन्हा हलवायच्या नव्हत्या. त्यामुळे या वेळी त्यांनी ते कानाशी धरून पाहिलंच नाही. चोवीस तास झाले, म्हणजे गोठलं असणार, असं धरून चालले. आयुष्यात पहिल्यांदा या माणसाने न तपासता माल पुढे जाऊ दिला.

मी गेले तेव्हा यंत्र चाळीस मिनिटं फिरत होतं आणि आत दूधच होतं. ताई दाराशी उभी राहून बघत होती. भावोजींनी यंत्र बंद केलं, खुर्चीवर बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, “मला काही हे जमत नाही. हिला काही बरं वाटत नाही.”

माझं डोकं फिरलं. घरात आईसक्रीमच्या सत्तावीस डब्या असताना एक म्हातारा माणूस दुधाच्या भांड्यापुढे रडवेला होऊन बसतो, याला काय म्हणावं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी दोरी कापली आणि डब्या एकेक करून टेबलावर आपटल्या. ते नको नको म्हणत उठले, तोवर एक डबी ताईच्या हातात गेली होती. तिने चिठ्ठी मोठ्याने वाचली.

“बॅच चार. कॉफी. मधली. पोत उत्तम, गोडी योग्य. पुन्हा मागितलं नाही. नापास.”

तिने दुसरी उचलली. केळं, पोत बरा, पुन्हा मागितलं नाही, नापास. तिसरी लिंबाची. पुन्हा मागितलं नाही, नापास. सगळ्या चिठ्ठ्यांवर तेच. डॉक्टरीणबाईंचं ते वाक्य मी ऐकलं त्याच दिवशी विसरले होते. या माणसाने त्याचाच निकष करून ठेवला होता आणि दर तिसऱ्या दिवशी त्यात स्वतःला नापास करत होता. इतके दिवस मारलेले माझे टोमणे मला तिथल्या तिथे गिळावे लागले, आणि ते काही गोड नव्हते.

ताईने हातातली डबी खाली ठेवली. मग म्हणाली, “अहो, मागणार कशातून? मी वाटी हातात घ्यायच्या आधीच तुम्ही सगळं सील करून मोकळे व्हायचात.”

भावोजींनी बॅच चारची चिठ्ठी पुन्हा वाचून पाहिली.

“त्या कॉफीच्या वेळी तर मी भांडं चाटून पुसून खाल्लं. तुम्ही पेन्सिलीला टोक काढायला गेला होतात.”

मला हसू आवरेना, पण त्या दोघांपैकी कुणीच हसत नव्हतं, म्हणून मी खिडकीकडे वळले. ताईने कॉफीची डबी त्यांच्यापुढे सरकवली आणि उघडायला सांगितली. भावोजींचा हात पुढे झाला आणि पट्टीवर येऊन थांबला. सवय ती सवय. ते हळूच म्हणाले की तक्रार असल्याशिवाय सील तोडता येत नाही.

“मग आहे तक्रार,” ताई म्हणाली. “लिहून घ्या. बायकोला पोटभर मिळालं नाही.”

त्यांनी खरोखर लिहून घेतलं. तारीख घातली. मग नखाने पट्टी सोडवली, अगदी जपून, कागद न फाडता. आत कॉफीचा धोंडा झाला होता. घरच्या आईसक्रीमला इतके दिवस ठेवलं की ते असंच होतं, हे दोन वर्षं ठेवायला निघालेल्या तज्ज्ञाला ठाऊक नव्हतं. पहिला चमचा वाकला. दगडापेक्षा वीट मऊ म्हणून लिंबाचं बघू असं मी सुचवलं, पण ताई थांबायला तयार होती. आम्ही तिघं टेबलाभोवती ती डबी मऊ व्हायची वाट पाहत दहा मिनिटं बसून राहिलो. भावोजींनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

ताईने ती डबी संपवली. बर्फाचे खडे लागत होते, तरी संपवली. मग रिकामी डबी त्यांच्यापुढे धरली आणि म्हणाली, “अजून द्या.”

त्यांनी वरची उघडली आणि मागोमाग तळचीही उघडली. मग पाठ फिरवून चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, आता चिठ्ठीवरचं ‘नापास’ खोडून ‘पास’ करतील आणि पुन्हा आम्हाला दर जेवणाला ऐकवतील. त्यांनी तसं काही केलं नाही. चिठ्ठी उलटी केली, मागे दोन ओळी लिहिल्या आणि फ्रीजरच्या दारावर चिकटवली. सगळे पुन्हा टेबलाशी बसल्यावर मी उठून वाचली.

‘तक्रार खरी. दोष तपासणाऱ्याचा.’