विरजण मागणाऱ्या काकू

माझं अक्षर किरटं आहे आणि शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे ऱ्हस्वदीर्घ चुकले असतील. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

आमच्या माणगावच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या काकूंना आम्ही विरजणकाकू म्हणायचो. घरात दही लावलेलं असलं तरी रिकामी वाटी घेऊन त्या दुसऱ्या मजल्यावर सविताकडे विरजण मागायला जायच्या. आम्ही बायका हसायचो. "काकू, आता एक म्हैसच पाळा!" त्या म्हणायच्या, "पाळते, धार तू काढ."

सविता माझ्या शेजारची. तिचा नवरा तिला मारतो हे भिंतीतून कळायचं. मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. काकूंची वाटी नेमकी तेव्हाच दारावर वाजते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. त्याला त्या काही बोलायच्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून दूध, पाणी, लाईटबिल अशा गप्पा काढायच्या, तो चपला घालून बाहेर पडेपर्यंत. "एकटीनं जायचं न्हाय," असं म्हणत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंना जिन्यात उभं करायच्या. काकूंनी हाक मारली की बाईंनी पोलिसांना फोन करायचा, हे ठरलेलं.

सविताला मात्र त्या गच्चीवर एकटीला गाठायच्या. "तुला काय पायजे ते तू सांग. मी न्हाय सांगणार." तिचं आधारकार्ड, लेकीचा जन्मदाखला हळूहळू काकूंच्या तांदळाच्या डब्यात येऊन बसले.

एकदा मलाही धीर आला. माझे यजमान सोसायटीचे सेक्रेटरी. सोसायटीच्या सत्यनारायणाच्या दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सविताच्या नवऱ्याला सर्वांदेखत पुढे बोलावलं, हातावर प्रसाद ठेवला आणि पुन्हा बायकोवर हात उचलणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. त्याने घेतली. हातही जोडले. टाळ्या झाल्या. मी दोनदा शिरा घेतला.

दुसऱ्या दिवशी सविताचा हात प्लास्टरमध्ये होता आणि तिचा मोबाईल नवऱ्याच्या खिशात.

काकू ओरडल्या नाहीत. "तिला इचारलं व्हतंस?"

"नाही."

"मंग शपथ कुणासाठी गं? तुमचा शिरा गोड लागावा म्हणून?"

अजूनही कुठे पूजेचा शिरा हातावर पडला की माझ्या घशाखाली उतरत नाही.

हात बरा झाल्यावर सविताच म्हणाली, आता जायचं. नवरा कारखान्यात पहिल्या पाळीला गेल्यावर काकूंनी तिला आणि लेकीला रिक्षात बसवलं. भिशीचे पैसे मी तिच्या हातात कोंबले. ती म्हणाली, "उसने घेते, वहिनी." कुठे गेली ते मी इथेही लिहीत नाही. नवरा दारोदार विचारत फिरला. मला चारचौघांत बोलता येत नाही म्हणून सगळे हसतात. त्या दिवशी माझं न बोलणं कामाला आलं.

पुढे सविता कामाला लागली आणि काकूंकडे थोडे थोडे पैसे पाठवू लागली. मी घेईना. ते तिच्याकडेच राहिले तर त्या शपथेचं माझं ओझं तेवढंच कमी होईल, असं वाटायचं. काकू माझ्यावर रागावल्या त्या तेव्हा.

"तुझं मन हलकं व्हावं म्हणून तिनं जन्मभर मान खाली घालायची व्हय? धर!"

मी धरले. काल शेवटचे आले. सविताचं देणं पुरतं फिटलं.