एकही ठिपका नसलेलं झाड

संशोधन केंद्राच्या काचघरात सगळे तिला ठिपकेबाई म्हणत. तिचं कामच ते होतं. टोमॅटोच्या रोपांवर रोगाच्या जिवाणूंचं पाणी फवारायचं, रोपं प्लास्टिकखाली दमट ठेवायची आणि दोन आठवड्यांनी पानांवरचे काळे ठिपके मोजायचे. ज्याला कमी ठिपके, त्याचं बी राखायचं. बाकीची उपटायची. साहेब तीन बदलले, ती तिथंच राहिली.

बाराव्या वर्षी रानटी टोमॅटोच्या संकरातून एक झाड निघालं, त्यावर काहीच उठलं नाही. तिला वाटलं, फवारायलाच विसरले. पुन्हा फवारलं, तरी पान स्वच्छ. घरी गेल्यावर चप्पल न काढताच तिनं नवऱ्याला सांगितलं, "एक तगलं."

"बरं झालं. आता जेवायला तरी वेळेवर ये," तो म्हणाला.

ते काही जमलं नाही. त्या झाडाची फळं गोटीएवढी आणि कडू. चांगल्या जातीशी पुन्हा पुन्हा संकर करून फळ मोठं करायचं, पण रोगाला दाद न देण्याचा गुण हातचा जाऊ द्यायचा नाही, यात आणखी सात वर्षं गेली. मग बी शेतकऱ्यांकडे गेलं. दोन हंगाम सगळे खूश होते.

तिसऱ्या हंगामात एक बागायतदार वर्तमानपत्रात पानं गुंडाळून आला. त्यानं ती टेबलावर पसरली. भिंगाची गरजच नव्हती. पानं ठिपक्यांनी भरली होती.

"जिवाणू बदललाय," साहेब नंतर म्हणाले. "यात तुमची काही चूक नाही."

"ते कळतं हो," ती म्हणाली. "पण आता करायचं काय?"

तिनं नवा जिवाणू काचेच्या बशीत वाढवला आणि राखून ठेवलेल्या दोनशे साठ वाणांच्या रोपांवर फवारला. दोन आठवडे ती धड जेवली नाही. मग एका सकाळी वही घेऊन एका टोकापासून मोजायला लागली. दुपारपर्यंत एकही पान स्वच्छ निघालं नाही. शेवटच्या रांगेपाशी साहेब म्हणाले, "राहू द्या आता." तिनं ती रांगही मोजली.

महिन्याभरात काम बंद करायचा आदेश आला. रोपं तिनंच उपटली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आता ती बियांची पाकिटं भरण्याच्या खोलीत बसते. निवृत्तीला चार वर्षं आहेत. जिवाणू शेतांत पसरतोच आहे, आणि त्याच्यापुढे तगणारं झाड कुणाकडेच नाही.