क्लेम हॉगार्थने मारलेली रेघ

क्लेम हॉगार्थ तसा घुम्या माणूस, पण टोबायस रीव्हला शिव्या घालायच्या म्हटलं की त्याला कंठ फुटायचा. रीव्हला मरून शंभरावर वर्षं झाली होती, तेव्हा तक्रार करायला कोणी येणार नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात गेलेल्या ब्रॅथवेट मोहिमेचा हा कोठीवाला. कॅप्टन तीन माणसं घेऊन उत्तरेला गेला आणि रीव्हने डेपोवर पीठ, खारवलेलं मांस आणि उंट सांभाळत थांबायचं ठरलं. चौदा आठवडे तो थांबला. मग एका सकाळी दक्षिणेला धूर दिसला. त्याला वाटलं, मंडळी दुसऱ्या वाटेने परस्पर घरी निघाली. सगळी शिधासामग्री उंटांवर लादून तोही निघाला. दोन दिवसांनी ते चौघे खुरडत डेपोवर पोचले, तर तिथे चुलीतली राख. चौघांच्या कबरी तिथेच आहेत.

"गाढव लेकाचा! अरे, धूर दिसला तर जाऊन बघ ना कोणाचा आहे!" क्लेम त्या कबरींपाशी उभा राहून म्हणायचा आणि पैसे मोजून त्याच्या गाडीतून डेपो बघायला आलेले पर्यटक खदाखदा हसायचे. वीस वर्षं हे असंच चाललं. गेली चार वर्षं मात्र तो एवढंच म्हणे, "त्याला वाटलं, ते परत गेले." मग गाडीकडे चालू लागे.

याचं कारण एका वहीत होतं. आमच्या गावच्या, टॅलोवी क्रॉसिंगच्या, पबमध्ये दाराशी दोरीने बांधलेली एक वही असते. पश्चिमेच्या रानात जाणाऱ्याने त्यात नाव, ठिकाण आणि परतीचा वार लिहायचा, परत आला की नावावर रेघ मारायची. ठरल्या दिवशी रेघ पडली नाही, तर पबवाली ग्लेनिस माणसं जमवून शोधाला पाठवते. पण दमून आलेला माणूस पबशी थांबतोच असं नाही. म्हणून आमच्यात एक रीत पडून गेली आहे. कोणी घराकडे येताना वाटेत दिसला, की बघणाराच त्याच्या नावावर रेघ मारतो. ही शेजारधर्माची गोष्ट. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

क्लेमचा मुलगा ट्रेंट चार वर्षांपूर्वी कोरड्या सरोवरापलीकडचा पंप दुरुस्त करायला गेला होता. परतीचा वार गुरुवार. गुरुवारी दुपारी क्लेमला दूरवर धूळ उडवत गावाकडे निघालेली पांढरी पिकअप दिसली. या मुलखात निम्म्या घरांत पांढरी पिकअप आहे, हे क्लेमला चांगलं ठाऊक होतं. तरीही पबमध्ये शिरता शिरता त्याने वही उघडली आणि पोराच्या नावावर रेघ ओढली. ग्लेनिस तेव्हा मागे स्वयंपाकघरात होती.

ट्रेंटची पिकअप आस तुटून सरोवराच्या काठी पडली होती. त्याची बायको नरेल भांडून, दोन वर्षांच्या पोरीला, टेगनला, घेऊन ॲडलेडला माहेरी गेलेली. तिने शनिवारी पबला फोन केला. ग्लेनिसने वही पाहून सांगितलं, "गुरुवारीच आलाय की!" नवरा रुसून फोन उचलत नसेल, असं नरेलला वाटलं. ट्रेंट सापडला तो त्या गुरुवारपासून आठव्या दिवशी, मेलेला, गाडीपासून चौदा किलोमीटरवर. पोलिसांनी विचारलं, रेघ कोणी मारली? ग्लेनिस म्हणाली, त्यानेच मारली असणार. क्लेम गप्प बसला. पहिल्या दिवशी बोलायला जीभ रेटली नाही आणि नंतर तर बोलणं अवघडच होत गेलं. रोज मात्र तो ठरवायचा, नरेलला सांगायचं.

या वर्षी नरेल स्वतःहून आली. ट्रेंट होता तेव्हाही ती कधी डेपोपर्यंत गेली नव्हती. क्लेमच्या गाडीत मागे एक निवृत्त हेडमास्तर आणि त्यांची बायको, पुढे नरेल. डेपोवर पोचताच हेडमास्तरांनी नेमका सवाल टाकला, "पण हा रीव्ह जाऊन बघून का नाही आला हो?"

"वाटलं त्याला, परत गेले," क्लेम म्हणाला. ते दोघे फोटो काढत बसले आणि नरेल त्याला पाण्याच्या पत्र्याच्या टाकीच्या सावलीत घेऊन गेली.

"पॉप, खरं सांगाल? मी भांडून गेले म्हणूनच ना?"

"काय म्हणूनच?"

"म्हणूनच मेला ना तो? स्वतःचं नाव खोडलं आणि परत रानात गेला, कोणी शोधायला येऊ नये म्हणून. मग गाडी सोडून चालला, तोही रस्त्याकडे पाठ करून. गाडी सोडायची नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला कळत नव्हतं?"

सुनेच्या मनात असं काही असेल, हे चार वर्षांत क्लेमच्या ध्यानीमनी आलं नव्हतं. तो फक्त आपलंच दुःख उगाळत बसला होता.

"नरेल, ती रेघ माझी आहे."

तिला कळेना. त्याने सगळं सांगितलं. धूळ, पांढरी पिकअप, वही, सगळं. "आणि पाठ करून नव्हता चालला गं तो. या टाकीकडे येत होता. ही मी कायम भरून ठेवतो, त्याला माहीत होतं. आणखी सहा किलोमीटर चालला असता, तर... तीन दिवस गाडीपाशी थांबला होता, पोरी. काठीवर खुणा करून ठेवल्या होत्या. वहीत नाव आहे, तेव्हा येईल कोणीतरी, म्हणून थांबला."

"पोलिसांनी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी बसला होतात."

"हो."

"माझा हात धरून."

"हो."

त्याने हात पुढे केला, तो तिने झिडकारला. मग म्हणाली, "टेगन सहा वर्षांची झाली. गेल्या महिन्यात विचारत होती, बाबा का गेला. खोटं किती दिवस सांगणार? सांगून टाकलं मी. म्हटलं, बाबाला आपण नको होतो."

क्लेम तिथेच मातीत बसला आणि हेडमास्तरांच्या बायकोला लांबूनही ऐकू जाईल असा रडला.

नरेलने त्याला रडू दिलं. मग विचारलं, "फोन कुठे लागतो?"

"क्रॉसिंगला. चार तास."

"मग उठा. तिला तुम्हीच सांगायचं."