वहिनीची न वाजवलेली कॅसेट

माझी वहिनी नको त्या विषयावर बोलायची वेळ आली की ओठांत टाचण्या धरायची. शिवणकाम करणाऱ्या बायका धरतातच टाचण्या, त्यात काही नवल नाही. पण हिच्या पुढ्यात कापड नसलं तरी चालायचं. हात आपला गुपचूप टाचण्यांच्या उशीकडे जायचा, दोन-चार टाचण्या ओठांत जायच्या, आणि मग बसा तुम्ही विचारत. मी पडले फटकळ. मनात आलं की ओठावर आलंच. त्यामुळे या टाचण्यांनी माझं डोकं किती फिरवलं असेल ते मलाच ठाऊक.

शर्ट शिवायच्या कारखान्यात ती कॉलर बसवायची. माझा दादा गेला त्यानंतर लागली आणि नजर साथ देईनाशी झाली तेव्हाच उठली. लांबलचक खोली, अर्ध्यापर्यंत रंग मारलेल्या खिडक्या, डोक्यावर दिवसासुद्धा जळणाऱ्या ट्यूब. संध्याकाळी घरी यायची तेव्हा पापण्यांवर कापसाचे तंतू असायचे. कॉलर उलटी शिवतात, मग सुलट करून टोक बाहेर काढतात. बाकीच्या बायका त्याला कात्री वापरायच्या, ही एक बोथट लाकडी काडी वापरायची. कात्रीनं टोक फाटतं म्हणे. साहेब ओरडायचे, हात चालव म्हणून. ही ऐकून घ्यायची आणि काडीच वापरायची. सगळे तिला कॉलरवाली म्हणायचे. माझ्यासाठी मात्र ती वहिनीच, आणि तिच्या तोंडी मी वन्सं.

दादा बोटीवर इंजिनच्या खोलीत कामाला होता. वर्षातले बरेच महिने पाण्यावर. त्याला पत्र लिहायचा भारी कंटाळा. पेन हातात धरलं की डोळे मिटायचे, शाळेपासूनची सवय. म्हणून त्यानं दोन टेपरेकॉर्डर आणले. एक आपल्याजवळ ठेवला, एक घरी दिला, आणि मध्ये एकच कॅसेट. कोणी सुट्टीवर घरी निघालं की त्याच्या हाती तो कॅसेट पाठवायचा, आणि तोच माणूस परत निघाला की आम्ही त्याच्याच हाती उत्तर धाडायचो.

आता ऐका गंमत. त्या कॅसेटच्या एका बाजूला दादाची आवडती गाणी होती. त्या बाजूला हात लावायचा नाही, अशी ताकीद. राहिली एक बाजू. त्यावर तो बोलायचा. आम्ही ऐकायचो, पोटभर ऐकायचो, मग वहिनी पट्टी मागे नेऊन त्याच्याच बोलण्यावर आपलं उत्तर भरायची. तो तिचं ऐकून झालं की तिच्यावर आपलं भरायचा. दुसरी कॅसेट आण म्हणून मी कानी कपाळी ओरडले. दादा म्हणाला, "असू दे गं, ही चांगली चालतेय की." वहिनीचीही मान डोलली. दोघंही जोडीला जोड होती. जुनी वस्तू झिजेपर्यंत वापरायची म्हणजे वापरायचीच.

ऐकायचीही एक रीत होती. आधी सगळ्यांसाठी बोलणं. बोटीवरचं खाणं, कोण आजारी पडलं, घराचं दार रंगवून घ्या, असलं. मग दादा म्हणायचा, "आता छकुलीला दे." छकुली म्हणजे त्यांची लेक, तेव्हा जेमतेम पावलं टाकायला लागलेली. वहिनी टेपरेकॉर्डर तिच्या कानाशी नेऊन धरायची. तो तिला काहीबाही विचारायचा आणि उत्तराला जागा सोडायचा, जणू ही इथून बोलेल आणि त्याला तिथं ऐकू जाईल. आणि शेवटी म्हणायचा, "आता आईला दे." ते ऐकलं की आम्ही सगळे उठून खोलीबाहेर. छकुलीला मी कडेवर घेऊन जायची. शेवटचं बोलणं वहिनीचं एकटीचं.

एकदा कॅसेट नेहमीसारखी आली, ऐकून झाली, वहिनी उत्तर भरायला बसली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस दारात उभा. इंजिनच्या खोलीत अपघात झाला होता. दादा गेला. त्याला आणलंसुद्धा नाही, फक्त त्याच्या सामानाची पेटी आली. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलणार नाही.

छकुली मोठी झाली तशी बापाबद्दल विचारू लागली. फोटो होते. पण फोटोतला माणूस बोलत नाही. तेव्हा वहिनीनं तिला ती कॅसेट दाखवली. म्हणाली, "यात बाबांचा आवाज आहे. पण पट्टी फार नाजूक झालीय, वाजवली तर तुटेल. जपून ठेवायची." पोर शहाणी. तिनं कधी हट्ट केला नाही. परीक्षेला निघताना कपाटातून कॅसेट काढायची, कानाला लावायची, परत ठेवायची. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

छकुली आता पन्नाशीला टेकली. दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करते, पण घरात अजून छकुलीच. गेल्या वर्षी तिनं ठरवलं, आईनं एकटं राहायचं नाही, माझ्याकडे यायचं. घर आवरायला मीही गेले. कपाट रिकामं करताना कॅसेट हाती आली. छकुलीनं ती उजेडात धरली. आतला फोम गळून पडला होता, पट्टीच्या कडेला पांढरट बुरशी. ती म्हणाली, "आई, आता थांबून चालायचं नाही. आणखी काही वर्षांनी यातलं काहीच उरणार नाही. आमच्या रस्त्यावर एक रेडिओवाला आहे, जुन्या पट्ट्या नीट करून कॉम्प्युटरवर उतरवून देतो. उद्या जाऊ या." तिचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू.

वहिनीचा हात टाचण्यांच्या उशीकडे गेला. पण उशी खोक्यात भरलेली.

छकुली खाली खोकी न्यायला गेली तशी वहिनीनं माझं मनगट धरलं. "वन्सं, ती कॅसेट आज रात्रीत कुठंतरी हरवली असं करा. किंवा पट्टी तोडून टाका. तुम्हाला जमेल."

"का गं? वेड लागलंय का तुला?"

"त्यात ते नाहीत." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मीच आहे. निरोप आला त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्यावर मी उत्तर भरलं होतं. माझ्या हातानं पुसलं त्यांना. मागची गाणी तेवढी शाबूत ठेवली."

मला वाटायचं, त्या दिवशी ती नुसती बसली होती, भरलं काहीच नव्हतं. मग राग आला. इतकी वर्षं ही एकटी हे ओझं वाहत बसली. मला सांगितलं नाही. आणि त्या पोरीनं काय कानाला लावलं इतकी वर्षं? मी म्हटलं, "वहिनी, मी काही तोडणार-बिडणार नाही. तू तिला सांग."

"कसं सांगू? तिच्याकडे त्यांचं म्हणून तेवढंच आहे. ते मीच काढून घेऊ?"

"मग उद्या तिला आपोआप कळेल. ते बरं दिसेल का?"

 सांगितलं नाहीच तिनं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी रेडिओवाल्याच्या दुकानात.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. छतापर्यंत उघडी पडलेली यंत्रं, डिंकाचा आणि जळक्या तारेचा वास, शेजारी मोटारसायकलींचं गॅरेज. रेडिओवाला माझ्याच वयाचा, कानांत केस, बोलणं तोलून-मापून. त्यानं कॅसेटचे स्क्रू काढले, पट्टी मऊ ब्रशनं झाडली आणि ती गुंडाळलेल्या दोन्ही चकत्या उचलून दुसऱ्या रिकाम्या डबीत बसवल्या. वहिनी स्टुलावर बसून त्याच्या बोटांकडे बघत होती. एखाद्याचं ऑपरेशन चाललंय असा तिचा चेहरा. मी मनात म्हणत होते, आता तरी बोल बाई.

त्यानं बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. मग एक तरुण बाई बोलू लागली. "अहो, ऐकू येतंय ना? तुमचं सगळं पोचलं. दाराला रंग दिला. हिरवा मिळाला नाही, निळा दिला, आता ओरडू नका."

इतकी हसरी वहिनी मी विसरूनच गेले होते. छकुलीनं आधी कौतुकानं आईकडे पाहिलं. मग ती वाट बघू लागली. बाई बोलतच होती. नळ गळतोय, वन्संचं लग्न ठरेल असं वाटतंय पण त्यांची जीभ आवरायला हवी, छकुलीला दात आले. हळूहळू छकुलीचा चेहरा उतरत गेला.

"आई, यात बाबा कुठे आहेत?"

वहिनीच्या ओठांत टाचण्या नव्हत्या. ती म्हणाली, "नाहीत गं. मी त्यांच्यावर बोलले. माहीत असून तुला खोटं सांगितलं. तुला काहीतरी हवं होतं आणि माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं."

रेडिओवाल्यानं अवघडून बटणाकडे हात नेला. छकुली आईकडे न बघता म्हणाली, "राहू द्या. वाजू दे." तिचा आवाज कोरडा होता. मला त्या क्षणी दोघींचीही दया आली आणि दादाचा संताप आला. एक कॅसेट जास्तीची घेतली असती तर काय बिघडलं असतं याचं?

पट्टीवरची वहिनी सांगत होती की यंदा तरी लवकर सुट्टी काढा. तेवढ्यात मागे एक पोर रडायला लागलं. जोरात, भोकाड पसरून. "अगं हो, आले. उठली बघा तुमची लाडकी. थांबा हं, हिला निजवून येते आणि मग बोलते." खट्.

तेवढंच. पुढं ती बोललीच नव्हती. रात्र छकुलीला निजवण्यात गेली आणि सकाळी कंपनीचा माणूस आला. आपण पुसलं, एवढंच वहिनीच्या डोक्यात बसलं. कुठपर्यंत पुसलं हे तिनं कधी बघितलंच नाही. ती कॅसेट तिनं यंत्रात घातलीच नाही, तर कळणार कसं?

खट् झालं आणि एक घरघर सुरू झाली. मोठी, संथ. इंजिनाची. त्या घरघरीतून माझा दादा बोलला, वाक्याच्या मधूनच. "...वरच्या फळीवर ठेव, म्हणजे सापडेल. बरं. आता छकुलीला दे."

मी पदर तोंडात कोंबला. वहिनी स्टुलावरून उठली, पुन्हा बसली. गॅरेजात कुणीतरी मोटारसायकल चालू केली आणि दादाचा आवाज बुडू लागला. रेडिओवाल्यानं झटकन पट्टी थांबवली, जरा मागे घेतली, तार जोडली आणि कानाला लावायचं यंत्र पुढं केलं. एकच होतं. छकुलीनं ते कानांवर चढवलं.

मग मला ऐकू काही येत नव्हतं, फक्त तिचा चेहरा दिसत होता. ती ऐकायची, थांबायची. एकदा मान हलवली. एकदा तिचा हात वर गेला आणि तिनं आपल्या नाकाला बोट लावलं. पिकल्या केसांची बाई, दुकानात उभी राहून बापाला नाक दाखवत होती. रेडिओवाला भिंतीकडे बघत होता.

मग ती थबकली. तिनं कानांवरचं काढलं, आईजवळ गेली आणि तिच्या कानांवर ते नीट बसवलं, केस मागे सारून.

मला सांगायची गरज पडली नाही. मी रेडिओवाल्याला म्हटलं, "चला, जरा बाहेर."

"अहो, पण माझं दुकान—"

"दुकान कुठं पळून जात नाही. चला."

आम्ही तिघं बाहेर पायरीवर उभे राहिलो. छकुलीला आता कडेवर घेता येण्यासारखं नव्हतं, म्हणून तिचा दंड धरला.  ती म्हणाली, "मी रागावलेय, आत्या. अजून आहे थोडी."

"खुशाल अस. मीही आहे."

"पण मी रडले नसते तर आईनं सगळं भरलं असतं ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रेडिओवाला गॅरेजवाल्याला गाडी बंद करायला सांगून आला. मग त्यानं हळूच विचारलं, "ताई, कॉम्प्युटरवर उतरवताना त्या मधल्या मोकळ्या जागा काढून टाकू का? यंत्राच्या काट्यावरून कळलं, ते मध्येमध्ये गप्प बसतात, तिथं नुसतं इंजिन आहे. काढलं तर ऐकायला सलग होईल."

"नाही," छकुली म्हणाली. "त्या जागा माझ्या आहेत."

वहिनी बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण चालणं हलकं. मी फटकळ ती फटकळच. लगेच विचारलं, "काय म्हणाला गं दादा?"

तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. "ते माझं आहे, वन्सं."

आता छकुलीनं त्याच्या प्रती काढून ठेवल्या आहेत. तिच्याकडे, तिच्या मुलाकडे, माझ्याकडेही. वहिनीचं नळ-दार-दातांचं बोलणं त्यात अख्खं आहे, माझ्या जिभेसकट. मूळ कॅसेट वहिनीच्या उशाशी असते. मी आठवड्यातून एखाद वेळा फोनवर माझी प्रत लावते. वहिनीचं ऐकते, पोरीचं रडणं ऐकते, खट् ऐकते, मग दादा. त्यानं "आता आईला दे" म्हटलं की बंद करते आणि, घरात दुसरं कुणी नसतं तरी, उठून खोलीबाहेर जाते.