‘मला माहीत नाय’ म्हणणारे आचार्य

“मला माहीत नाय, बघून सांगतो,” असं बेधडक म्हणणारा धर्मातला माणूस मी एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या बौद्धवाडीचे आचार्य. लग्न, नामकरण, माणूस गेल्यावरचं पुण्यानुमोदन, सगळे विधी तेच करत. पोटासाठी मिरकरवाडा बंदरावर बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढत. पांढरेशुभ्र कपडे घालून विधीला बसले तरी मासळीचा वास यायचाच. बायकांनी नाकाला पदर लावला की म्हणायचे, “बुद्धाला चालतो गो, तुम्हाला नाय चालत?”

पुस्तकं ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवत. विधवेनं नवरीला हळद लावावी का, असं कुणी विचारलं की आधी पिशवी सोडत, मग तोंड उघडत. घाईच्या माणसाचा जीव जायचा.

चौऱ्याऐंशी साली माझं लग्न अलोरे गावच्या मुलीशी ठरलं. मी बावीस वर्षांचा होतो आणि माझा जीव वसंतावर होता. आम्ही एकाच गॅरेजात कामाला. नुसती मैत्री नव्हती ती. मी हे आचार्यांना सांगून टाकलं आणि विचारलं, “काममिथ्याचार करू नये म्हणतात, ते पंचशीलातलं तिसरं शील मी मोडलं का?”

ते उठून गेले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी पिशवी घेऊन आले आणि मला वाडीबाहेर सड्यावर, उघड्या कातळावर घेऊन गेले.

“त्या दिवशी मला किळस आली. ती माझी चूक, बुद्धाच्या नावावर कशाला खपवू?” म्हणाले. “भिक्खूला सगळंच बंद, बाई असो नायतर बाप्या. संसारी माणसाला सांगताना दुसऱ्याची बायको, जबरदस्ती, फसवणूक हेच येतं. तुझ्यासारख्याला नाव घेऊन मनाई मला तरी सापडली नाय. पण माझी पुस्तकं चारच, हेही सांगतो.” पिशवीला गाठ मारत म्हणाले, “आपल्याला विहिरीवर चढू देत नव्हते, तेव्हा त्यांनाही किळसच यायची ना रे?”

मला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. “मग लग्न करू?” मी विचारलं.

“मेल्या, त्या पोरीला ठाऊक आहे का? तिला फसवलंस तर शील मोडलंच. मांडवात मी राजीखुशी विचारतो, तेव्हा नाय म्हण. वाडी मला वाळीत टाकील, टाकू दे.”

मांडवात ती पांढऱ्या साडीत शेजारी बसली होती. समोर आई. मागे वसंता पाहुण्यांना सरबत देत होता. आचार्यांनी विचारलं, “राजीखुशीनं आहेस?” मी हो म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं. हो. तिसऱ्यांदा विचारताना ते माझ्याकडे वाकले. पाहुणे हसले. मी हो म्हटलं आणि लग्न लागलं. बर्फाच्या लादीवर धरून ठेवलेला हात बधिर होतो ना, तसा मी झालो होतो. लाजसुद्धा वाटली नाही.

पुढे आचार्य मला कधी टोचून बोलले नाहीत. बायकोला मात्र वाटेत थांबवून विचारत, “पोरी, बरी आहेस ना?” आणि उत्तर येईपर्यंत उभे राहत. ती ‘बरी’ म्हणायची.

पाच वर्षांनी ते गेले. पुण्यानुमोदनाहून घरी आलो. भांडी लावता लावता बायको म्हणाली, “आपल्या लग्नात तुम्हाला त्यांनी तीनदा का हो विचारलं?”

“त्यांना कमी ऐकू यायचं,” मी म्हटलं.

तिनं हातातलं ताट फळीवर ठेवलं.

“मी तर ‘हो’ नुसतं पुटपुटले होते,” ती म्हणाली. “मला एकदाच विचारलं.”